तेहतीस नटांचं वाण

आमचे जावई उद्या सकाळी इंदुबाईंच्या गिरणीला वेल्डिंग मारून घेणार आहेत, आणि ही काळजी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

गिरणी म्हणजे कोसाडच्या वसाहतीतली पिठाची गिरणी. तिथले गुजराती लोक तिला घंटी म्हणतात. नवरा गेल्यापासून इंदुबाईंचं घर त्या एका गिरणीवर चालतं. गिरणीचा फिरता दगड दांडीवर ज्या नटाने आवळून बसवलेला असतो, तो नट आज मोडला. उजाडता उजाडता वेल्डर येणार आहे. दगड दांडीला कायमचा चिकटवून टाकला की उद्याचं दळण होईल, हे खरं. पण मग तो दगड पुन्हा कधी निघणार नाही. निघाला नाही तर त्याला छिन्नीने टाकी लावता येणार नाही, आणि टाकी न लावलेला दगड थोड्याच दिवसांत पिठाऐवजी भरडा काढायला लागेल. आजचं निभावलं आणि गिरणी गेली, असा हा उपाय आहे.

यातली रडू येण्यासारखी गंमत अशी, की अगदी तसाच दुसरा नट गिरणीपासून चार घरं सोडून, आमच्या जावयांच्याच घरात, कानबाई देवीच्या चौरंगाशेजारी हळदकुंकू लावून बसलेला आहे. त्याला हात लावायची मात्र कोणाची छाती नाही.

हे सगळं समजायचं तर आधी आमचे जावई वाल्मिकराव समजायला हवेत. ते एकदम समजत नाहीत. थोडे थोडे आवळत न्यावे लागतात.

शिंदखेड्याकडचं कुटुंब. वडील लहानपणीच गेले. आई धुरपदाबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, मुलाचा हात धरून सुरतेला आल्या आणि कतारगामच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागल्या. मुलगा मोठा होऊन त्याच कारखान्यात लूमवर उभा राहिला. कारागीर म्हणून ते अगदीच बेताचे होते, हे ते स्वतःच सांगतात. सूत तुटलेलं यांना दिसायचं नाही. यांना दिसायचे नट. लूम दिवसभर थडथडतो आणि त्याचे नट हळूहळू सैल होतात, वाल्मिकराव कान लावून उभे राहायचे आणि ओरडायचे, "डाव्या अंगाचा खालचा नट सुटतोय!" दहातून चार वेळा ते बरोबर निघायचं. पण त्या चार वेळांचा गाजावाजा ते असा करायचे, की उरलेल्या सहा वेळा कोणाच्या लक्षातच राहायच्या नाहीत. शेवटी कारखान्याचा शेठच म्हणाला, "वाल्मिक, तू कापड बनवू नकोस. तू नट वीक."

तर आता ते नट विकतात. कतारगाममध्ये त्यांचं दुकान आहे. रुंदी कपाटाएवढी, पण खोली बोगद्यासारखी. दोन्ही भिंतींना डबे. ते स्वतः मधे बाजूने शिरतात आणि बाजूनेच बाहेर येतात.

आमच्याकडे ते मुलीला, धनश्रीला, बघायला आले तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं. सुरतेतल्या सगळ्या घरांत असतो तसा आमच्या बाहेरच्या खोलीतही झोपाळा आहे. सगळे पाहुणे खुर्च्यांवर बसले. हे झोपाळ्यावर बसले, एक झोका घेतला आणि उठून उभे राहिले. वर बघितलं. पुन्हा एक झोका. पुन्हा वर. धनश्री पोह्यांच्या बश्या घेऊन आली तर ते स्टुलावर चढलेले.

"मामी," ते मला म्हणाले. अजून काही ठरलं नव्हतं, नाव-गावसुद्धा विचारून झालं नव्हतं, आणि मी एकदम मामी, म्हणजे सासूच. "मामी, याला चेक नट नाही."

"म्हणजे?"

"एक नट बोल्टला धरतो आणि दुसरा त्या नटाला धरतो. तो दुसरा म्हणजे चेक नट. झोपाळा हलणारी वस्तू. इथे एकट्याच्या भरवशावर राहता येत नाही."

मग खिशातून, लग्नाच्या मुलाच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातून, त्यांनी दोन नट काढले, बघण्याच्या कार्यक्रमाला आलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर ते बसवले, खाली उतरले आणि हात पुसत म्हणाले, "आता झोके घ्या." आमचे हे माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे. धनश्री मात्र बश्या टेबलावर ठेवून जी हसत सुटली ती स्वयंपाकघरात जाऊनही थांबेना. मुलगी बघायला आले आणि झोपाळा बघून गेले, अशी आमच्या पर्वत पाटियाच्या गल्लीत पंधरा दिवस चर्चा होती. पण धनश्री म्हणाली, "आई, हाच." काय करणार?

लग्नात त्यांनी अक्षता पडायच्या आधी मंडपाच्या खांबांचे नट तपासले. देवदर्शनाला गेले तर रांगेच्या लोखंडी कठड्याचे तपासले. माझ्या शिलाई मशीनचे, प्रेशर कुकरच्या दांड्याचे, यांच्या स्कूटरचे, आणि समोरच्या पटेलांच्या कपड्यांच्या स्टँडचे तर पटेलांना न विचारता. मी काळजी करणारी बाई आहे. मुलीच्या घरी गॅस बंद केला असेल का, याचीही काळजी मी इकडे पर्वत पाटियाला बसून करते. त्यामुळे माझ्याहून जास्त काळजी करणारा जावई मिळाला याचा मला आधी आनंद झाला. नंतर लक्षात आलं, की त्यांच्या काळजीला पाना लागतो, आणि तो त्यांच्या खिशात कायम असतो.

एकदा मी त्यांच्या दुकानात बसले होते. एक गिऱ्हाईक आलं.

"भाई, तेर नंबरनी चाकी आपो ने."

झालं. तेरा नंबरचा नट मागितला म्हणजे वाल्मिकरावांच्या अंगात येतं. "तेर नंबर चाकीनो नथी!" ते डब्यावर हात आपटत म्हणाले. "तेर नंबर पानानो छे!"

गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं. मग जावईबापूंनी त्याला आणि मलाही समजावलं. मिलिमीटरच्या मापात नट ओळखायचा तो बोल्टच्या जाडीवरून. आठचा बोल्ट, आठचा नट. त्याला पाना लागतो तेराचा, कारण पान्याला बोल्टशी कर्तव्य नाही, तो नटाची बाहेरची रुंदी धरतो. म्हणजे तेरा हा आकडा पान्यावर लिहिलेला. "माणसाला नावाने हाक मारायची का टोपीच्या मापाने?" त्यांनी विचारलं. गिऱ्हाईक म्हणालं, "भाई, टोपीनुं माप जाणुं छुं, नाम नथी जाणतो, आपी दो ने!"

आणि हे झालं नव्या मापाचं. जुन्या यंत्रांचं माप इंचाचं. तिथे इंचाचे आठ भाग करायचे, एकेका भागाला सूत म्हणायचं. चार सूत म्हणजे अर्धा इंच. कतारगाममध्ये निम्मे लूम आजोबांच्या वयाचे आणि निम्मे परवा आलेले, त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं सूत बोलतात आणि निम्मी एमएम. आठ एमएम आणि अडीच सूत हे नट शेजारी शेजारी ठेवले तर सख्ख्या जावांसारखे दिसतात. पण एकीचा नट दुसरीच्या बोल्टवर चढवा: दीड फेरा प्रेमाने जातो आणि मग अडतो, कारण आतले आटे निराळे, एकाचे दाट, एकाचे विरळ. "इथेच लोक चुकतात मामी," वाल्मिकराव म्हणाले. "दीड फेरा गेला म्हणजे लग्न जमलं असं समजतात आणि पान्याने जोर करतात. मग दोघांचेही आटे जातात."

आता वाणाचं. यंदा आषाढ अधिक आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं, तेहतीस नग, आणि वस्तू जाळीची, छिद्रांची हवी. अनारसे, बत्तासे असं काही. मी तांदूळ भिजत घालायच्या विचारात होते. जेवताना सहज बोलले, तर वाल्मिकराव म्हणाले, "मामी, छिद्रंच हवीत ना? माझ्या दुकानात या. एकेका छिद्राला आतून आटेसुद्धा आहेत. अनारशाला आहेत का?"

सगळे हसले. मी मात्र रात्रभर तळमळले आणि सकाळी यांना म्हणाले, "चला." यांच्याबरोबर मी बाजार पालथा घातला. जावयाच्या दुकानातून घेऊन जावयाला देण्यात काय अर्थ, म्हणून दुसऱ्या दुकानांतून, भंगाराच्या ढिगांतून, एकासारखा दुसरा नको असे तेहतीस नट मी गोळा केले. सहा बाजूंचे साधे तर झालेच. जुने चौकोनी. वर घुमट असलेले टोपी नट, बोल्टचं टोक कोणाला लागू नये म्हणून. बोटांनी फिरवायचे, दोन पंख असलेले फुलपाखरी. किल्ल्याच्या बुरुजासारखे वरून दातेरी, त्यांच्या खाचेतून पिन घातली की नट जागचा हलत नाही. आत नायलॉनचं निळं कडं असलेले, जे बोल्टला असे धरतात की सोडत नाहीत. बांगडीसारखे गोल, तांब्याचे, पितळेचे. उधना दरवाजाकडच्या एका भंगारवाल्याकडे मला एक मोठा काळा नट मिळाला. त्याच्या सहाही कोपऱ्यांवर मधोमध बारीक खाच होती. मला ती नक्षी वाटली. म्हटलं, हा शोभेचा.

पितळी परातीत लाल कापडावर मी ते मांडले, मध्ये दिवा लावला आणि परात जावयांच्या हातात दिली. मला वाटलं हसतील. ते हसलेच नाहीत. खाली बसले, एकेक नट उचलून उजेडात धरला, आतून बघितला, बोट फिरवलं. धनश्री म्हणाली, "मला मागणी घातली तेव्हाही असं बघितलं नव्हतं." तो खाचांचा काळा नट हातात आला आणि ते ताडकन उठले.

"मामी! हा कुठे मिळाला?"

"का? खोटा आहे?"

"सहा सूत आणि उलटे आटे! या खाचा त्याची खूण. इतर नट उजवीकडे फिरवले की बसतात, हा डावीकडे. जे यंत्र फिरता फिरता स्वतःचाच सरळ नट सोडवून टाकेल, त्याला हा लागतो. या मापाचा आता मिळत नाही मामी, मी तीन वर्षं शोधतोय!"

मग मात्र ते हसले, आणि इतके हसले की परातीतला दिवा विझतो की काय अशी मला भीती वाटली. जेवताना त्यांनी आम्हाला अधिक महिनाच समजावून दिला. चंद्राचं वर्ष आणि सूर्याचं वर्ष म्हणजे सूत आणि एमएम. दोन मापं एकमेकांत बसत नाहीत, दीड फेऱ्यावर अडतात. म्हणून पूर्वजांनी मध्ये वॉशर घातला: अधिक मास. हे म्हणाले, "आपल्या भटजींना सांगा हे एकदा." मी म्हटलं, नको, ते दक्षिणा परत करतील.

त्या तेहतीस नटांची वाल्मिकरावांनी एक पाटी केली. प्लायवुडवर ओळीने खिळे ठोकून एकेकावर एकेक नट, आणि वर लाल अक्षरांत "मामींचं वाण". दुकानाच्या दारात टांगली. पाटीने कमाल केली. ज्याला नाव येत नाही तो बोट दाखवायचा. "वो टोपीवाला." "पेलुं पतंगिया जेवुं," म्हणजे ते फुलपाखरासारखं. कोणी घरून सुटलेला बोल्ट घेऊन यायचा आणि पाटीवरचे नट काढून त्यावर चढवून बघायचा, बसला की ओरडायचा, "बसला!" आणि दुकानातले सगळे टाळ्या वाजवायचे. बायकासुद्धा यायला लागल्या, कुकरच्या दांड्याचा नट हातात घेऊन.

मग एक दिवस विहीणबाईंनी पाटी बघितली.

धुरपदाबाईंचं आणि माझं भांडण नाही. भांडायला जवळीक लागते. आम्ही एकमेकींना वर्षातून तीनदा भेटतो आणि दोघीही फार नीट बोलतो. पण त्यांचं एक मला समजतं. गेल्या वर्षी धनश्रीला दिवस राहिले होते आणि ते टिकले नाहीत. त्या वेळी दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी शेजारी बसलो होतो आणि दोघीही काही बोललो नव्हतो. वाण दिल्यावर महिन्याभरात धनश्रीला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. धुरपदाबाईंनी दोनाला दोन जोडले. पाटी दुकानातून काढून घरी आणली, प्रत्येक नटाला कुंकू लावलं, सगळीला लाल दोरा गुंडाळला आणि लेकाला बजावलं, "बाय मोकळी व्हस तोवर यामातला एक बी नट हालाले नको. मन्ही आन शे तुले." म्हणजे धनश्री सुखरूप बाळंत होईपर्यंत एकही नट हलवायचा नाही, माझी शपथ आहे.

मी बी.ए. झालेली बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण मागच्या आठवड्यात कोसाडला गेले तेव्हा त्या पाटीसमोर उभी राहून मीही मनातल्या मनात हात जोडले होते.

आता आजचा दिवस. उद्या रविवार, कानबाई बसायची. आमच्या खानदेशी घरांत कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात आणि ते दळण वेगळं दळतात. त्या आधी गिरणी धुवावी लागते. मिरची, ज्वारी, कालचं कोणाचं काय, त्याचा कणही रोटाच्या पिठात जाऊ नये. इंदुबाई दर वर्षी वरवर धुतात. यंदा वाल्मिकराव म्हणाले, "वरवर कशाला? दगड काढून आतून धुऊ. नट मी काढतो."

पुढचं मला धनश्रीने फोनवर सांगितलं, त्यांच्या शेजारच्या शालिग्रामभाऊंच्या घरून. ती हसत होती का रडत होती ते अजून मला कळलेलं नाही.

वसाहतीतले अर्धे लोक गिरणीसमोर जमले होते. दारात गव्हाच्या पिशव्यांची रांग. वाल्मिकरावांनी पाना लावला आणि डावीकडे जोर केला. नट हलेना. "घट्ट बसलाय," ते म्हणाले. "पाइप आणा." पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला. तरी हलेना. मग दोघं जण पाइपला लोंबकळले. कोणी म्हणालं तेल सोडा, कोणी म्हणालं गरम करा, इंदुबाई म्हणाल्या, "भाऊ, हळू हो!" आणि कट् असा आवाज आला. नट फिरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या! वाल्मिकरावांनी हात वर करून त्या स्वीकारल्यासुद्धा. मग त्यांनी नट हाताने फिरवला. तो डावीकडे फिरला. उजवीकडेही फिरला. पुढे येईना, मागे जाईना, नुसता जागच्या जागी गरगर.

त्यांनी सदऱ्याच्या टोकाने नट पुसला. वर्षानुवर्षांचं पीठ आणि ग्रीस निघालं आणि खालून सहाही कोपऱ्यांवरच्या खाचा दिसल्या.

उलटे आटे. सोडवायचा म्हणून दोन माणसं लोंबकळवून त्यांनी तो आवळला होता, आटे जाईपर्यंत.

"आई, ते खालीच बसले," धनश्री म्हणाली. "पिशव्यांच्या रांगेत. एका बाईने त्यांना विचारलं, तुमचा नंबर कितवा?"

छिन्नीने नट फोडून काढला. दांडीचे आटे वाचले होते, हे नशीब. मग वाल्मिकराव नवीन नट शोधायला निघाले. कतारगामची सगळी दुकानं. सगळीकडे एमएम. सुताचे होते ते सरळ आट्यांचे. शेवटी ते ओळखीच्या हिलाल टर्नरकडे गेले. हिलालभाऊ लेथ बंद करून, पिशवी भरून, कानबाईसाठी गावच्या बसला निघालेले. हातापाया पडून लेथ चालू करायला लावला. हिलालभाऊंनी भराभर सहा सुताचा नट काढला. असा सुंदर की आटे आरशासारखे चमकत होते. वाल्मिकराव तो घेऊन रिक्षाने कोसाडला आले, लोक पुन्हा जमले, नट दांडीला लावला, तर चढेचना.

हिलालभाऊंनी सरळ आटे पाडले होते. आयुष्यभराचा हात, घाईत आपल्या सवयीने गेला. तोवर ते बसने गावाला निघून गेले होते.

धनश्री म्हणाली, "आई, मग लोकांनी टाळ्या नाही वाजवल्या."

इंदुबाई दारात उभ्या राहून पिशव्यांकडे बघत होत्या. दुसऱ्या गिरण्यांवर मसाला दळतात, ते ऐन वेळी गिरणी धुऊन देणार नाहीत. म्हणजे उद्या अर्ध्या वसाहतीत रोट नाहीत, आणि ते आमच्या जावयांमुळे. वाल्मिकराव घरी आले, पाटीसमोर उभे राहिले. धुरपदाबाई पाटीला पाठ लावून बसल्या होत्या.

"माय, एकच नट. मी परत आणून लावतो."

"मन्ही आन दिधी शे ना तुले?"

"लोकांचे रोट आहेत गं."

"आन मन्हा नातू?"

वाल्मिकराव बाहेर गेले आणि वेल्डरला सांगून आले. जेवले नाहीत. धनश्री म्हणाली, "आई, तू मध्ये पडू नकोस. तुझं नि माईंचं उगाच सुरू होईल. मी नुसतं सांगितलं." मग जाता जाता म्हणाली, "आणि ऐक ना, माईंनी गहू मोजताना सव्वा मूठ जास्त घेतले. मी म्हटलं, आपल्या घरात पुरुष एकच. तर म्हणाल्या, दुसरा पोटात शे ना." आणि फोन ठेवला.

मी तेव्हापासून बसले आहे. यांना उठवलं तर हे म्हणणार, सकाळी बघू. सकाळी वेल्डर बघेल.

मला धुरपदाबाईंची भीती खोटी वाटत नाही. माझ्याच पोटात ती आहे. पाटीवरचा एक नट निघाला आणि नंतर काही झालं, तर मी स्वतःला काय सांगू? इथे बी.ए. काही कामाला येत नाही. पण मघापासून एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या अजून न आलेल्या बाळाच्या नावाचे गहू आत्ता कुठे आहेत? पाटीपाशी नाहीत. ते इंदुबाईंच्या दारात, त्या पिशव्यांच्या रांगेत आहेत. एका बाईची गिरणी कायमची बसवून ते दळायचे, आणि त्याचे रोट करून कानबाईपुढे ठेवायचे? हे धुरपदाबाईंना चालेल असं मला वाटत नाही. त्यांनीही कांड्या भरून एकटीने पोर वाढवलंय. फक्त त्यांना हे कोणी म्हटलेलं नाही. त्यांच्यापुढे जे आले ते सगळे नट मागायला आले.

आणि वाण दिलेलं माझं आहे. मला त्यातलं एवढं नक्की माहीत आहे, की आजवर दिलेल्या एकाही वाणातले तेहतीस अनारसे कोणी दोऱ्याने बांधून ठेवलेले नाहीत. संध्याकाळपर्यंत ते शेजारीपाजारी वाटले जातात, कोणाच्या पोराच्या हातात एक, कोणाच्या एक, आणि मग आपण म्हणतो, वाण पोचलं. मी हे सांगणार आहे. मी सांगणार आहे की विहीणबाई, शपथ तुमची, तुम्हीच सोडवा. मी नुसती विनंती करते. काळा नट, वरून दुसऱ्या ओळीतला. तुमच्या हाताने काढा आणि तुमच्याच हाताने इंदुबाईंना द्या. वाल्मिकरावांच्या हातात देऊ नका. आणि बसवताना डावीकडे फिरवायचा, हे कोणीतरी त्यांना मोठ्याने सांगा.

त्या चिडतील. म्हणतील, शिकलेल्या बायका आम्हाला शिकवायला लागल्या. म्हणू देत. मग मी म्हणेन, त्या दिवशी दवाखान्यात मला तुमच्याशी बोलायचं होतं आणि मी बोलले नाही. ते कसं म्हणतात मला माहीत नाही, पण म्हणेन.

शालिग्रामभाऊंचा नंबर फोनशेजारी भिंतीवर लिहिलेला आहे. या वेळी फोन वाजला म्हणजे त्यांना वाटेल कोणीतरी गेलं. ते घाबरतील, मग मला ओरडतील, मग बनियनवरच धुरपदाबाईंचं दार ठोकायला जातील. सकाळपर्यंत थांबणं सभ्यपणाचं होईल. मी थांबत नाही. आत्ताच लावते फोन.